बाबा, आज रात्री तो फोन चार्जिंगला लावू नका

पुणे
9 ऑक्टोबर 2025

तीर्थरूप बाबा आणि ती. सौ. आई यांस,
साष्टांग नमस्कार.

सोबतच्या खोक्यात नवा फोन आहे. घेऊन झालाय, पैसेही देऊन झालेत आणि तो परत करायचा नाहीये. हे सुरुवातीलाच सांगून टाकते, कारण फोनवर विषय काढला की बाबा "चाललंय की, नको" म्हणतात आणि आईच्या हातात फोन देऊन गॅलरीत जातात. पत्र तुम्ही अर्धं ठेवत नाही, हे मला माहीत आहे. मावशीच्या बंटीला मुद्दाम सांगितलंय, बाबांचं वाचून होईपर्यंत बसून राहायचं. आई, त्याला पोहे कर.

रागावू नका बाबा. "दिवाळीत आल्यावर बघू" असं आपलं ठरलं होतं, मान्य आहे. पण कोजागिरीला आईनं तिच्या फोनवरून व्हिडिओ कॉल केला. तुळजापूरला चालत निघालेल्यांना चहा दिल्याचं ती सांगत होती आणि मागं टेबलावर तुमचा फोन दिसत होता. त्याचं मागचं झाकण एका बाजूनं उचललंय, करंगळीचं नख जाईल एवढी फट पडलीय आणि त्यावर मेथीच्या जुडीचं रबर दोन वेढे देऊन बसवलंय. आईचा हात लागला तर तो टेबलावर गर्रकन फिरला. सपाट बसतच नाही तो आता. तुम्ही म्हणालात झाकण सैल झालंय. झाकण सैल झालेलं नाही बाबा. आतली बॅटरी फुगलीय, ती झाकणाला बाहेर ढकलतेय.

या फोनमध्ये लिथियम-आयन बॅटरी असते. वर्षानुवर्षं चार्ज होऊन आणि उष्णतेनं आतली रसायनं खराब होतात, त्यातून वायू तयार होतो, आणि पाकीट बंद असल्यानं ते फुगतं. सोलापूरचा उन्हाळा 43-44 अंशांवर जातो आणि तुमचा फोन बाराही महिने पश्चिमेच्या खिडकीच्या कट्ट्यावर असतो. अशी बॅटरी दाबली, तिला काही टोचलं किंवा चार्ज होताना ती जास्त तापली तर पेट घेऊ शकते. आणि तुम्ही तो रात्रभर उशाशी चार्जिंगला लावता! खाली आपली जाड चादर, वर मच्छरदाणी. आम्ही 17 तारखेला येणार, म्हणजे मध्ये आणखी आठ रात्री. तेवढा धीर माझ्यात नाही.

बॅटरी बदलून घेतली असती तर, असं तुम्ही म्हणणारच. चौकशी केली मी. त्या मॉडेलची कंपनीची बॅटरी आता मिळत नाही. नव्या पेठेत कुणीही दुसरी बसवून देईल, पण ती कुठल्या बनावटीची, किती दिवस पडून राहिलेली, कुणाला ठाऊक? शिवाय त्या फोनला सुरक्षेचे अपडेट येणं कधीच बंद झालंय. तुमची पेन्शन ज्या खात्यात येते, त्याचंच ॲप तुम्ही त्यात उघडता. फोन तुम्ही किती जपून वापरलात ते मी बघितलंय, कव्हरसुद्धा पहिलंच आहे. त्याचं आयुष्यच तेवढं होतं.

आता पैशांचं. तुम्ही घेतला असतात तसाच घेतलाय. पाच-सहा दुकानांचे आणि ऑनलाइनचे भाव एका कागदावर मांडले, तो कागद खोक्यात ठेवलाय, बघा. हप्त्यावर घेतलेला नाही. दुकानदार "शून्य टक्के व्याज" म्हणत मागं लागला होता, पण तुम्ही फ्रिजच्या वेळी सांगितलेलं विसरले नाही. रिझर्व्ह बँकेनंही 2013 मध्ये बँकांना बजावलंय, की शून्य टक्के व्याज असं काही नसतंच, ते कुठल्या तरी रूपात गिऱ्हाइकाकडूनच वसूल होतं. रोख सवलत मिळत होती, ती घेतली आणि एकरकमी पैसे दिले. बिल तुमच्या नावाचं आहे. त्यावर 18 टक्के जीएसटी वेगळा दाखवलाय आणि फोनचा आयएमईआय क्रमांक लिहिलाय. खोक्यावरचा क्रमांक, बिलावरचा क्रमांक आणि *#06# दाबल्यावर पडद्यावर येणारा क्रमांक, तिन्ही मी जुळवून बघितलेत. तुम्हीही एकदा बघा, तुम्हाला त्याशिवाय चैन पडणार नाही.

जुना फोन एक्सचेंजला दिला नाही. जाहिरातीत मोठा आकडा असतो, पण तो सगळ्यात महागड्या जुन्या फोनसाठी. तुमच्या फोनला चांगल्या अवस्थेतही काही शेच मिळाले असते, आणि फुगलेल्या बॅटरीचा तर घेतही नाहीत. त्यामुळे आपलं काही गेलं नाही.

चिनूला मात्र खरेदीला तुम्हीच हवे होतात. मे महिन्यात आपण इथे जेवायला गेलो होतो तेव्हा बिलात न विचारता लावलेला सेवा आकार तुम्ही काढायला लावलात, तेव्हापासून तो कुठेही गेला की बिल खालपर्यंत वाचतो. जुलै 2022 मध्ये ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं तो आकार बिलात आपोआप लावायला मनाई केली, हे तुम्ही मॅनेजरला किती शांतपणे सांगितलंत! परवा एका ठिकाणी बर्गरबरोबर शेंगदाण्याएवढे बटाटे आणि एवढं मोठं कोल्ड्रिंक मिळून "फायद्याचं" म्हणून देत होते. चिनू म्हणाला, आपल्याला कोल्ड्रिंक नकोच आहे, मग ते धरून हिशोब कशाला करायचा? अगदी तुमचा आवाज.

आता तुमच्या सोयीचं सांगते. यात मी सगळ्यात जास्त वेळ घातलाय.

आकाशवाणी सोलापूर यात लागतं. सकाळचा रेडिओ बंद पडला तर तुम्हाला चहा गोड लागणार नाही, म्हणून दुकानात आधी तेच विचारलं. वायरचा इअरफोन लावला की ती वायरच एरियलचं काम करते. हल्लीच्या कितीतरी महागड्या फोनना ती गोल पिनच नसते, म्हणून ते सगळे बाजूला ठेवले आणि पिनवाला हा घेतला. त्यामुळे किंमतही कमी पडली. तुमचा तो काळा इअरफोन यालाच चालेल, नवा घ्यायला नको.

भाषा मराठी केलीय. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर डॉक्टरांनी सांगितलंय तसं डोळ्यांना ताण नको, म्हणून अक्षरं मोठी ठेवलीत, गरज पडली तर आणखी मोठी होतात. रिंग तुमची तीच, जुन्या टेलिफोनसारखी. नंबर तोच. पहिल्या पानावर फक्त आठ चित्रं ठेवलीत: फोन, मेसेज, व्हॉट्सॲप, कॅमेरा, रेडिओ, बॅटरीचा टॉर्च, बँक आणि घड्याळ. बाकीचं पडद्याआड आहे, तिकडे जायची गरज नाही. टाइप करायचा कंटाळा आला तर माइकचं चित्र दाबून मराठीत बोला, तो लिहितो. "हुग्गी" सुद्धा बरोबर लिहिलं त्यानं, मी बोलून बघितलं.

नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्यासाठी बँकेच्या रांगेत उभं राहायचं नाही. रेल्वेच्या पेन्शनलाही जीवन प्रमाण, म्हणजे ऑनलाइन हयातीचा दाखला, चालतं. त्यात आता चेहरा दाखवूनही दाखला निघतो, बोटांचे ठसे उमटत नाहीत म्हणून परत पाठवणं नाही. जुन्या फोनवर ते चढतच नव्हतं. आधार, पेन्शनचा पीपीओ क्रमांक आणि पासबुक तेवढं काढून ठेवा. दिवाळीच्या सुट्टीत सगळं चढवून ठेवते, नोव्हेंबर लागला की घरच्या खुर्चीत बसून पाच मिनिटांत होईल. गेल्या वर्षी तिथे तुम्हाला चक्कर आली होती, ते आईनं मला महिन्यानं सांगितलं. हे असं करत जाऊ नका ना.

बाबा, आणखी एक. तुम्ही बोलून दाखवलं नाहीत, पण मला वाटतं तुमचा जीव फोनमध्ये नाही, आबाकाकांच्या मेसेजमध्ये अडकलाय. शेवटच्या महिन्यात त्यांनी आवाजात पाठवलेले सगळे मेसेज, मी गणपतीत घरी आले होते तेव्हाच, माझ्या लॅपटॉपवर घेतलेत आणि एका पेन ड्राइव्हवरही. पेन ड्राइव्ह आईच्या कपाटात, तिच्या बांगड्यांच्या डब्यात आहे. नव्या फोनमध्ये ते वेगळे काढून "आबा" नावानं ठेवलेत, व्हॉट्सॲप नीट आलं नाही तरी ते तिथेच राहतील. पंढरपूरचा तो मोठा मेसेज आहे, मध्येच खोकतात तोही. एक-एक लावून बघितलाय. काही गेलेलं नाही.

गड्ड्याच्या जत्रेला नेताना तुम्ही माझ्या फ्रॉकच्या खिशात चिठ्ठी घालायचात आणि वरून सेफ्टी पिन लावायचात. नाव, रेल्वे लाइन्सचा पत्ता, आणि शेजारच्या काकूंचा नंबर, कारण आपल्याकडे फोन नव्हता. होम मैदानात पाळण्यापाशी गर्दी दाटली की मी खिसा चाचपून बघायची आणि मग मला भीती वाटायची नाही. या फोनच्या बंद पडद्यावरही मी तसंच लिहून ठेवलंय. तुमचं नाव, रक्तगट, साखरेच्या आणि बीपीच्या गोळ्या, आणि माझा नंबर. लॉक न उघडता कुणालाही ते वाचता येतं. बाजूचं बटण भराभर पाच वेळा दाबलं तर उलटे आकडे मोजून मदतीला फोन लागतो. चुकून दाबलं गेलं तर मोजणी संपायच्या आत बंद करा. रुग्णवाहिकेचा 108 वेगळा घातलाय. मी तीनशे मैलांवर नाही, अडीचशे किलोमीटरवरच आहे, पण रात्री दोन वाजता तेही लांबच की.

मी स्वतः यायला हवं होतं. चिनूची सहामाही चालू आहे आणि माझ्या रजा दिवाळीसाठी राखून ठेवल्यात. मनाला लागून राहिलंय.

आता ऐका, आणि दोघांनीही ऐका. बंटी सिम बदलून देईल. व्हॉट्सॲप चालू करताना ओटीपी येईल, तो बाबांनी स्वतः बघून स्वतः टाकायचा, बंटीला वाचूनसुद्धा दाखवायचा नाही. पोरगा आपलाच आहे, पण सवय एकच असावी. पैसे येणार असतील तर यूपीआयचा पिन लागत नाही, पिन पैसे जाताना किंवा शिल्लक बघताना लागतो. "पैसे मिळवायला पिन टाका" असं जो म्हणेल तो लबाड. पोलिसांच्या गणवेशात व्हिडिओ कॉलवर कुणी "तुम्हाला डिजिटल अटक केलीय" म्हणालं तर सरळ बंद करा, कायद्यात असली अटकच नाही. आणि समजा पैसे गेलेच, तर लाजून गप्प बसू नका. लगेच 1930 ला फोन, मग मला. मी एक शब्द बोलणार नाही.

जुना फोन सिम निघालं की बंद करायचा. रबर काढू नका, झाकण दाबून बसवू नका, उघडून तर अजिबात बघू नका. मागच्या अंगणात सावलीत, नुसत्या फरशीवर ठेवायचा. गॅस, कागद, कपडे यांच्यापासून लांब. घंटागाडीत टाकायचा नाही, भंगारवाल्यालाही द्यायचा नाही, तो हातोडीनं फोडतो. अशा वस्तूंची विल्हेवाट ही 2022 च्या नियमांनुसार कंपन्यांची जबाबदारी आहे. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला मी बोललेय, बंटी उद्याच नेऊन देईल. तुम्हाला वाईट वाटेल तेव्हा आत जा, त्याला नेऊ द्या.

नवा फोनही रात्री उशाशी नको. जेवताना तासभर हॉलमध्ये लावा, दिवसभर पुरतो. खिडकीचा कट्टा तर बंदच.

17 तारखेला वसुबारसेला संध्याकाळच्या हुतात्मा एक्सप्रेसनं निघतोय. स्टेशनवर यायचं नाही, रिक्षानं येऊ. आई, जुळे सोलापूरला तुमचं पाणी त्या दिवशी असेल तर रात्री भरत बसू नकोस, आल्यावर मी भरीन. शेंगाचटणी खलबत्त्यात कुटू नकोस, गुडघा बघ तुझा. मिक्सरची चालते आम्हाला.

तुमची,
छोटी

ता. क. आई, बाबा दोन दिवस बोलणार नाहीत. बोलू नकोस तूही. तिसऱ्या दिवशी सकाळी रेडिओ लावायची वेळ झाली की इअरफोन त्यांच्या हाताशी ठेव.