आई, यातून मला काय मिळतं

ती. आई-बाबांना शि. सा. नमस्कार.

आई, रविवारी फोनवर तू विचारलंस, "दिवसभर लोकांच्या भानगडी निस्तरत बसतेस, एक पैसा घेत नाहीस, यातून तुला मिळतं तरी काय?" बॅटरी संपत आल्याचं सांगून मी फोन ठेवला. खरं तर त्या क्षणी मला उत्तर सुचलं नव्हतं. आज सकाळपासून वारा सुटलाय, वाळू उडतेय, बाहेर चिटपाखरू नाही. म्हणून निवांत लिहायला बसले.

आम्ही सध्या अमेरिकेतल्या ॲरिझोनात, क्वार्ट्‌झसाइट गावाजवळ ला पोसाच्या वाळवंटात आहोत. ही ब्यूरो ऑफ लँड मॅनेजमेंट या सरकारी खात्याची जमीन. १५ सप्टेंबर ते १५ एप्रिल या काळात परवाना काढून इथे महिनोन्‌महिने राहता येतं. त्याच खात्याच्या इतर मोकळ्या जमिनीवर बहुतेक ठिकाणी १४ दिवस झाले की गाशा गुंडाळावा लागतो. जागेवर वीज नाही की नळ नाही. छपरावरच्या सोलरवर दिवे, टाकीत भरून आणलेलं पाणी, आणि अडीनडीला शेजारची आरव्ही, म्हणजे आमच्यासारखंच चाकांवरचं घर.

आमच्या गटात चाळीसेक आरव्ही आहेत. कुणी वर्षभर चाकांवरच्या घरात राहतं, कुणी उत्तरेची थंडी टाळायला चार महिने येतं. दोन वर्षांपूर्वी गट सांभाळायचं काम माझ्याकडे आलं. बाबा, तुम्ही अकरा वर्षं सोसायटीचे सेक्रेटरी होतात. मिटिंगहून आल्यावर न बोलता पंख्याखाली बसायचात, ते मला आता कळतं.

हे काम मी का घेतलं, ते तुम्हाला कधी सांगितलं नाही. एका संध्याकाळी सगळे शेकोटीभोवती बसले होते. एक नवी बाई आली होती, एकटीच गाडीमागे ट्रेलर, म्हणजे राहायचं घर, ओढणारी. तिने विचारलं, "ट्रेलरच्या टायरची नक्षी अजून छान आहे, तरी बदलावे का?" आमच्यातला सगळ्यात जाणता माणूस म्हणाला, "एवढंही माहीत नसेल तर रस्त्यावर कशाला यायचं?" चारजण हसले. मी तिथेच चहा ओतत होते. मला ते खटकलं, पण मी गप्प राहिले. त्यानंतर तिने कुणालाच काही विचारलं नाही.

तीन आठवड्यांनी भर हायवेवर तिचा टायर फुटला. रबराच्या चिंधड्यांनी ट्रेलरची खालची बाजू फाडली, पाण्याचा पाइप तुटला. ती वाचली, ट्रेलर कलंडला नाही, हे नशीब. मी मदतीला गेले तेव्हा दुसऱ्या चाकाजवळ गुडघे टेकून टॉर्च मारला. नक्षी खरंच नव्यासारखी होती. पण कडेवर डीओटी या अक्षरांनंतरच्या ओळीत शेवटचे चार आकडे होते ३८१४, म्हणजे २०१४ सालचा अडतिसावा आठवडा. त्या टायरने आठ उन्हाळे पाहिले होते. बोटाने दाबलं की रबरावर केसासारख्या भेगा उघडत होत्या. ट्रेलर बराच काळ एका जागी उभा असतो, त्यामुळे टायर झिजत नाहीत, पण उन्हाने म्हातारे होतात. म्हणून नक्षी कितीही चांगली असली तरी सहा-सात वर्षांत बदललेले बरे. हे सांगायला त्या शेकोटीपाशी एक मिनिट पुरलं असतं. ते माझ्याकडून झालं नाही, याचं मला अजून वाईट वाटतं.

तेव्हापासून आमच्याकडे एक पद्धत आहे. संध्याकाळी आधी नव्या माणसांचे प्रश्न, मग बाकीच्या गप्पा. प्रश्नावर कुणी हसायचं नाही. प्रत्येक नव्या कुटुंबाला पहिल्या तीन मुक्कामांसाठी एक जुना सोबती. त्या जाणत्या माणसाला गटातून काढा, असं काहीजणांचं म्हणणं होतं. मी ऐकलं नाही. त्याच्यासोबत फेरी मारायला गेले आणि त्या टायरची हकीकत त्याला सगळी सांगितली. तो बराच वेळ काही बोलला नाही. आता नव्या माणसाच्या ट्रेलरखाली टॉर्च घेऊन पहिला तोच शिरतो.

शिकवायच्या गोष्टी साध्याच असतात, पण माहीत नसल्या तर महागात पडतात. संडासाच्या टाकीला इथे ब्लॅक टँक म्हणतात. कॅम्पग्राउंडवर थेट ड्रेनेज जोडता येतं, तेव्हा नवखा माणूस तिची झडप उघडीच ठेवतो. पाणी वाहून जातं आणि घट्ट मळ खाली साचून दगड होतो. झडप बंद ठेवायची, टाकी भरत आली की ती सोडायची आणि मग आंघोळीच्या-भांड्यांच्या पाण्याची टाकी सोडायची, म्हणजे त्या पाण्याने नळीही धुऊन निघते. आई, तुला किळस येईल, पण पहिला धडा हाच असतो.

दुसरं काम वहीचं. पाणी कुठे मिळतं, सांडपाणी कुठे सोडता येतं, कुठला पूल ठेंगणा आहे, हे सगळे त्यात लिहितात. तिच्यात बरंच जुनं झालेलं होतं. त्या भरवशावर एक जोडपं साठ मैल गेलं आणि नळ बंद. आता स्वतः पाहिल्याशिवाय कुणी नोंद करत नाही, तारीख आणि नाव घालावंच लागतं, आणि वर्षभरात कुणी पुन्हा पाहिलं नाही तर त्या ओळीवर पेन्सिलीची रेघ. तारखेची सवय तुमचीच, बाबा. तुमच्या मिटिंगच्या वहीत तारखेशिवाय पान नसायचं.

सगळ्यात अवघड गोष्ट वयाची. जो आणि के पीटरसन या जोडप्याने १९७८ मध्ये एस्केपीज नावाचा आरव्हीवाल्यांचा क्लब सुरू केला. टेक्सासमधल्या लिव्हिंगस्टनला त्यांचं केअर सेंटर आहे. ज्यांना आता गाडी चालवणं जमत नाही ते तिथे स्वतःच्याच आरव्हीत राहतात. जेवणखाण होतं, आजारपणात विचारपूस होते. घर तेच राहतं, फक्त चाकं थांबतात. आमच्यातलं एक जोडपं मागच्या वर्षी तिकडे गेलं. त्या आजी कळवतात की खिडकीला पडदे अजून जुनेच आहेत.

पण तिथवर पोचायच्या आधीचे दिवस कठीण असतात. आमच्यात एक आजोबा आहेत, एक्याऐंशी वर्षांचे, छत्तीस फुटी मोटरहोम, म्हणजे बसएवढं चालतं घर, चालवतात. मागच्या हिवाळ्यात त्यांनी दोनदा वळण चुकवलं. किल्ल्या काढून घ्या, असं बरेच म्हणाले. मी त्यांच्याकडे गेले आणि एवढंच विचारलं, "आजोबा, कुठला रस्ता जड जातो?" त्यांनी खाली बघत सांगितलं, "संध्याकाळचा. समोरच्या दिव्यांनी काही दिसत नाही. आणि शहरातला." आता तेवढे टप्पे दुसरं कुणीतरी चालवतं. ते शेजारी बसून वाट सांगतात. बाकीचा रस्ता त्यांचाच.

आई, यातून मला जे मिळतं ते हेच. परक्या मुलखात रात्री दोन वाजता दार वाजवता येईल अशी चाळीस घरं आहेत, आणि माझं दार त्यांना उघडं आहे. तुम्हाला माझी काळजी वाटते तेव्हा ही चाळीस घरं आठवा.

बाबा, दादा म्हणाला की मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरही तुम्ही रात्री गाडी काढता आणि त्यावरून घरात वाद होतात. मी वाद घालणार नाही. रविवारी फोन करेन, तेव्हा मला एवढंच सांगा, कुठला रस्ता जड जातो?

तुमची,
धाकटी