छायाचित्राखाली उजेडाची ओळ हवी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत वाचकांनी काढलेली छायाचित्रं छापून येतात. अंक हातात पडला की मी आधी ते पान उघडते. आवडलेलं चित्र कापून वहीत चिकटवते आणि शेजारी पेन्सिलीनं लिहिते: उजेड कुठून आला असेल, सावली कुठल्या बाजूला पडली आहे, काढणारा उभा होता की खाली बसला होता. छायाचित्रण शिकायला लागल्यापासूनची ही सवय. या कामात चित्राखाली छापलेल्या ओळीची मदत मात्र होत नाही. तिथे काढणाऱ्याचं नाव असतं, कॅमेऱ्याचं मॉडेल असतं, क्वचित लेन्स असते. त्यावरून त्या माणसाकडे कुठला कॅमेरा आहे तेवढं कळतं, चित्र कसं जमलं ते कळत नाही. त्या ओळीत उजेडाविषयी लिहावं, एवढी माझी विनंती आहे. विनंती लहान असली तरी तिची कारणं जरा सविस्तर सांगते.

मी शिवणकाम करते. दिवस कापड, कात्री आणि खिडकीजवळच्या मशीनपाशी जातो. भाच्यानं नवा कॅमेरा घेतला तेव्हा जुना मला दिला, त्याच्यासोबत ५० मिलिमीटरची एकच लेन्स. तिला झूम नाही. जवळचं हवं असेल तर पुढे जायचं, जास्त मावायला हवं असेल तर मागे सरायचं. नवशिक्यानं अशा एकाच लेन्सवर बराच काळ काढावा, असं माझं ठाम मत झालं आहे. झूम फिरवलं की समोरचं नुसतं मोठं होतं. दोन पावलं डावीकडे सरकलं की माणसाच्या डोक्यातून उगवलेला विजेचा खांब नाहीसा होतो, गुडघ्यावर बसलं की मागची गर्दी जाऊन आभाळ येतं. हे पायांनी शिकायचं असतं.

आकड्यांना बहुतेक जण सुरुवातीलाच घाबरतात. एफ १.४, २, २.८, ४, ५.६, ८, ११, १६. आकडा वाढला की अॅपर्चरचं, म्हणजे लेन्समधून उजेड आत सोडणारं, भोक लहान होतं, हे पाठ करून घेतात, पण का ते फार थोडे सांगतात. लेन्सच्या नाभीय अंतराला (लेन्सवर लिहिलेले मिलिमीटर) भोकाच्या व्यासानं भागलं की हा आकडा येतो, एवढंच आहे ते. माझ्या ५० मिलिमीटरच्या लेन्सला एफ २ वर २५ मिलिमीटरचं भोक असतं, एफ ४ वर साडेबाराचं. व्यास निम्मा झाला तरी उजेड निम्मा होत नाही, चौथाई होतो. गोल घेराचं कापड बेतणारीला हे वेगळं समजावून सांगायला नको. तरी मी पॅटर्नच्या कागदातून दोन्ही गोल कापून टेबलावर ठेवले. लहान चार गोलांना मिळून जेवढा कागद, तेवढाच एका मोठ्याला. मधले आकडे साधारण १.४ पटीनं का वाढतात तेही त्यातच आलं, कारण व्यास तितका कमी केला की क्षेत्रफळ बरोबर अर्ध्यावर येतं. शटर, म्हणजे उजेड आत सोडणारी झडप, किती वेळ उघडी राहते त्याचे आकडे याहून सोपे. १/१२५ सेकंदापेक्षा १/२५० ला निम्मा उजेड, १/५०० ला त्याच्याही निम्मा. एकीकडे एक पायरी उतरलं की दुसरीकडे एक चढायची, म्हणजे उजेड तेवढाच राहतो.

तर आकड्यांशी माझं वैर नाही. पण 'एफ ८, १/२५०, आयएसओ २००' (आयएसओ म्हणजे कॅमेरा उजेडाला किती संवेदनशील ठेवला आहे तो आकडा) असं नुसतं छापलं तर ते दुसऱ्या कुणाच्या मापाचे कापलेले तुकडे हातात दिल्यासारखं होतं. ते आकडे त्या जागेच्या, त्या वेळेच्या उजेडाला बरोबर बसले होते. तेच आकडे लावून कुणी संध्याकाळी घराच्या ओट्यावर फोटो काढला तर काळोखच येईल. उजेड सांगितला की आकड्यांना अर्थ येतो. जुने लोक ज्याला 'सनी सिक्स्टीन' म्हणत आले तो नियम हेच करतो: लख्ख ऊन, एफ १६, आणि आयएसओ १०० असेल तर शटर साधारण १/१००. या नियमाचा पहिला शब्द ऊन आहे. आकडे त्याच्या मागून येतात.

याचं माझं सर्वांत आवडतं उदाहरण १९४१ सालचं. अॅन्सेल अॅडम्स या अमेरिकन छायाचित्रकारानं न्यू मेक्सिकोतल्या हर्नान्डेझ गावावर चढलेल्या चंद्राचं चित्र घेतलं. दिवस मावळत होता, दफनभूमीतल्या क्रॉसवर शेवटचं ऊन होतं, आणि घाईत त्यांना लाइटमीटर, म्हणजे उजेड मोजायचं यंत्र, सापडेना. चंद्राची तेजस्विता चौरस फुटाला २५० कँडल (तेजाचं एक माप) असते हे त्यांना तोंडपाठ होतं. त्यावरून त्यांनी तिथल्या तिथे एक्स्पोजर, म्हणजे फिल्मवर किती उजेड पडू द्यायचा ते, ठरवलं आणि शटर उघडलं. दुसरी फिल्म घ्यायला फिल्म बसवलेला होल्डर उलटा करेपर्यंत क्रॉसवरचं ऊन गेलेलं होतं. आज हे चित्र कुणी आपल्या पानासाठी पाठवलं, तर खाली कॅमेऱ्याचं नाव छापून काय साधेल? 'सूर्य मावळताना, क्रॉसवर शेवटचं ऊन, मोजमाप चंद्रावरून' असं लिहिलं तर वाचणारा दहा वर्षं ते विसरणार नाही.

आता एक अगदी प्राथमिक गोष्ट, जी छापील ओळीतून हजारो नवशिक्यांपर्यंत सहज पोहोचू शकते. पांढऱ्याशुभ्र सुती कापडानं सगळी चौकट भरा आणि कॅमेरा ऑटोवर ठेवून फोटो काढा. कापड राखाडी येईल. मग काळं मखमल ठेवून काढा. तेही राखाडीच, फिकुटलेलं येईल. कॅमेरा बिघडलेला नसतो. त्याच्या आतल्या उजेड मोजणाऱ्या मीटरला समोर काय आहे ते माहीत नसतं. जे दिसेल ते सरासरी मध्यम राखाडी आहे असं धरून तो एक्स्पोजर ठरवतो. म्हणून पांढऱ्यासाठी एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (कॅमेऱ्यानं ठरवलेला उजेड वाढवायची-कमी करायची सोय) अधिक एक किंवा त्याहून थोडं वर न्यायचं, काळ्यासाठी उणे करायचं. फोनवरही समोरच्या वस्तूवर बोट टेकवलं की बाजूला सूर्याचं लहान चिन्ह येतं, ते वर-खाली सरकवलं की हेच होतं. बर्फ, धुकं, पांढरी भिंत, काळा कुत्रा, काळ्या पडद्यासमोर गाणारा गायक, सगळीकडे हाच एक धडा. अशा चित्राखाली 'पांढरी भिंत, अधिक एक' एवढे चार शब्द असते, तर आपला कॅमेरा हलक्या प्रतीचा आहे या समजुतीनं कितीतरी लोक निराश झाले नसते.

उजेडाची दिशा हा माझा जिव्हाळ्याचा विषय, कारण कापड आम्ही तसंच तपासतो. जाडसर विणीचं कापड उजेडाला समोरासमोर धरलं तर सपाट दिसतं. तेच आडवं केलं, उजेड कडेनं घासत जाऊ दिला, की उभे-आडवे धागे, एखादी गाठ, सुटलेला टाका, सगळं उठून येतं, कारण प्रत्येक धाग्याची बारीक सावली शेजारच्या धाग्यावर पडते. चेहऱ्याचंही तेच. कॅमेऱ्यावरच्या फ्लॅशनं सुरकुती पुसली जाते आणि नाकही. खिडकी बाजूला आली की गालाचं हाड, पापणी, हनुवटीखालचा खड्डा दिसू लागतो. सावली फार गडद वाटली तर दुसऱ्या बाजूला पांढरं कापड धरायचं. त्यावरून उलटून आलेला उजेड सावलीत भरतो. खिडकीला पातळ पांढरा पडदा लावला की सावलीची कड मऊ होते, कारण आता उजेड आख्ख्या पडद्यातून येतो. ढगाळ दिवशी सगळं आभाळच असा पडदा होतं. माणसांचे चेहरे त्या दिवशी फार सुंदर येतात. 'आज ऊन नाही' म्हणून कॅमेरा कपाटात ठेवू नका, असं मला सर्व शिकणाऱ्यांना कळकळीनं सांगायचं आहे.

अंतराचंही थोडं सांगते. लहान दिव्यापासून माणूस दुप्पट लांब गेला की त्याच्यावरचा उजेड चौथाई उरतो. मोठ्या खिडकीजवळ तो इतक्या झपाट्यानं उतरत नाही, पण उतरतो जरूर, आणि डोळ्यांना ते लवकर जाणवत नाही कारण डोळे जुळवून घेतात. माणूस खिडकीला चिकटून बसला होता की खोलीच्या मध्यावर, हे सांगितलं नाही तर त्या चित्रातली मागची भिंत इतकी काळी कशी आली हे कोडंच राहतं. माझ्या वहीत अशी कोडी पुष्कळ साचली आहेत.

रंगाच्या बाबतीत शिवणाऱ्या बायका आधीपासूनच जाणत्या असतात. रीळ कापडाशी जुळवायचं तर खिडकीशी. पिवळ्या बल्बखाली अगदी जुळलेला वाटणारा धागा सकाळी निराळाच दिसतो. उजेडाचा रंग केल्विनमध्ये मोजतात, आकडा लहान तितका तो पिवळा: बल्बचा उजेड साधारण २७०० ते ३००० केल्विनचा, दुपारच्या उन्हाचा ५५०० च्या आसपास, आणि निरभ्र दिवशीच्या सावलीतला ७००० च्या वर, निळसर. कॅमेऱ्याचं ऑटो व्हाइट बॅलन्स, म्हणजे पांढरं पांढरंच दिसावं म्हणून रंग जुळवायची सोय, हा फरक पुसायला बघतं, आणि पुष्कळदा संध्याकाळच्या उन्हाचं सोनंही त्याबरोबर पुसून टाकतं. तिथे व्हाइट बॅलन्स 'डेलाइट'वर ठेवलं की ते परत येतं. ही गोष्ट चित्राखाली तीन शब्दांत मावते.

वाचकांपैकी बहुसंख्यांच्या हातात फोन आहे, याचाही विचार व्हावा. बहुतेक फोनच्या लेन्सचं अॅपर्चर कायम एकच असतं, ते बदलता येत नाही. त्यामुळे एफचा आकडा छापला तर त्यांना तो लावता येत नाही, आणि महागड्या कॅमेऱ्याचं नाव छापलं तर आपल्याला हे जमणार नाही अशी खूणगाठ मनाशी बांधली जाते. सूर्य पाठीमागे होता, माणूस दाराच्या सावलीत उभा केला, समोरच्या उजळ भिंतीवरून उजेड आला, हे वाचून फोनवाला त्याच दिवशी करून पाहू शकतो.

काही चित्रांत आकडे लागतातच. उडता पक्षी असेल तर शटर १/१००० किंवा त्याहून वेगवान होतं का, धबधब्याचं पाणी दुधासारखं आलं असेल तर शटर किती वेळ उघडं होतं आणि कॅमेरा ट्रायपॉडवर होता का, हे सांगायलाच हवं. तिथे वेळ हाच चित्राचा विषय असतो. तसंच, संगणकावर आभाळ बदललं असेल, दोन फ्रेम जोडल्या असतील, रंग बराच चढवला असेल, तर तेही स्पष्ट छापा. कुणी ते करू नये असं माझं म्हणणं नाही. पण शिकणारा माणूस ते चित्र खरं धरून पहाटे उठतो, तशा आभाळाची वाट बघतो, आणि ते न आल्याचा दोष स्वतःकडे घेतो. हे मला फार लागतं.

अधूनमधून एखाद्या चित्राशेजारी त्याच्या आधीची फ्रेमही लहान आकारात छापता आली तर सोन्याहून पिवळं. फिल्मच्या काळात कॉन्टॅक्ट शीटवर आख्खा रोल एका कागदावर दिसायचा. छायाचित्रकार विषयाभोवती कसा फिरला, कुठे खाली वाकला, कुठल्या क्षणी थांबला हे त्यावर वाचता येई. निवडलेलं एकच चित्र पाहून तो प्रवास कळत नाही.

चित्र मागवताना पाठवणाऱ्यांना चार प्रश्न विचारावेत: उजेड कशाचा आणि कुठून, वेळ साधारण कोणती, विषय उजेडापासून आणि तुमच्यापासून किती लांब, आणि नंतर काय बदललं. मग खाली अशी ओळ येईल: 'सकाळ, डावीकडे खिडकी, पातळ पडदा. आजी खिडकीपासून हातभर अंतरावर. उजवीकडे पांढरी चादर धरली. रंग बदललेला नाही.' पाठवणाऱ्यालाही त्याचा फायदा होईल. लिहायचं आहे म्हटल्यावर पुढच्या वेळी तो शटर दाबण्याआधी खिडकीकडे बघेल.

जागेची अडचण मला कळते. दोन ओळींपेक्षा जास्त बसणार नसेल, तर कॅमेऱ्याचं मॉडेल वगळून ती जागा उजेडाला द्यावी.

आपली नम्र,
एक नियमित वाचक