रंगाआधी सळई तपासा

संपादक महोदय,

मरीन ड्राइव्हवरची पहिली रांग आणि ओव्हल मैदानाच्या पश्चिमेच्या आर्ट डेको (गोलाई आणि आडव्या पट्ट्यांच्या शैलीतल्या) इमारती २०१८ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेल्या. पावसाळा सरला की यांतल्या कुठल्या ना कुठल्या इमारतीला परांची लागते. काम मात्र बरेचदा गिलावा आणि रंगावरच थांबते, आणि रोग सळईत राहतो.

या इमारती आरसीसीच्या, म्हणजे आत लोखंडी सळ्या घातलेल्या काँक्रीटच्या, बहुतेक १९३०-४०च्या दशकांतल्या. समुद्राचे खारे तुषार जिथे पोहोचतात तिथे काँक्रीटसाठीचे आजचे भारतीय मानक (आयएस ४५६) सळईवर ५० मिमी काँक्रीट मागते. तेव्हा एवढे आवरण ठेवत नसत. क्षार आत शिरतात, सळई गंजते, गंज फुगून मूळ लोखंडाच्या कित्येक पट जागा घेतो आणि काँक्रीटचे पोपडे उडतात.

सर्वांत धोक्याचे ते बाहेर झुकलेले छज्जे आणि गोलाईच्या बाल्कन्या. त्यांच्या मुख्य सळ्या वरच्या अंगाला असतात. पाणीही वरच साचते. खालून हातोडी वाजवून सगळे ठीक वाटले तरी वरची सळई खाल्लेली असू शकते. म्हणून वरचा जुना थर काढून पाहावेच लागते, आणि त्याआधी खालून टेकू द्यावेत. टेकूविना वरून फोडणे म्हणजे छज्जा पाडायला घेणे.

फिनॉल्फ्थॅलीनने (काँक्रीटची अल्कता टिकली आहे का हे रंगाने दाखवणाऱ्या द्रवाने) काँक्रीट गुलाबी झाले म्हणून निश्चिंत होऊ नये. त्यातून क्षार कळत नाहीत. त्यासाठी भोक पाडून भुकटी प्रयोगशाळेत द्यावी. क्षार राहिले तर ठिगळाच्या कडेलाच काही वर्षांत नवा गंज धरतो. सळईच्या मागे किमान २० मिमी मोकळे करावे, गंज चकचकीत लोखंड दिसेपर्यंत काढावा, मग गंजरोधक लेप आणि पॉलिमर मॉर्टर (पॉलिमर मिसळलेला सिमेंटचा मसाला) थराथराने. सळई बारीक झाली असेल तर शेजारी नवी घालावी. जोड, म्हणजे दोन्ही सळ्या एकमेकींना लागून असण्याची लांबी, सळईच्या व्यासाच्या सुमारे ५० पट हवा. तारेने बांधलेला वीतभर तुकडा काहीच पेलत नाही.

आता रूपाविषयी. फोडण्याआधी गोलाईचा, आडव्या पट्ट्यांचा पत्र्याचा फर्मा काढून ठेवावा. नंतर नजरेने केलेली गोलाई हमखास बिघडते. छज्ज्याच्या खालच्या कडेची, पाणी तुटण्याची खाच नव्या गिलाव्यात बुजते. मग पाणी तळाने भिंतीपर्यंत सरकते आणि ओल येते. एवढीशी खाच, पण गवंड्याला कोणी सांगतच नाही! जाड रबरी रंगही टाळावा. तो आतली ओल कोंडतो आणि नक्षी बुजवतो. बारीक लोखंडी चौकटींच्या जागी ॲल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या बसवल्या की दर्शनी भागाच्या रेषा तर मोडतातच, वाराही निम्माच येतो.

वारसा समिती आणि महापालिकेने परवानगी देतानाच क्षारांचा अहवाल, वरच्या सळ्यांची छायाचित्रे आणि फर्म्यांची नोंद मागावी. सोसायट्यांनी आणि घरमालकांनीही निविदेत नुसते ‘बाहेरून दुरुस्ती व रंग’ असे न लिहिता ही प्रत्येक पायरी स्वतंत्र दरासह लिहावी.

आपला,
दुरुस्तीच्या कामातील एक स्थापत्य अभियंता, गिरगाव