पेत्राने आधी हात पुढे केला

मा. संपादक,
स. न.

गोव्याचे संत जुझे वाझ यांचे फेस्त, म्हणजे सण, १६ जानेवारीला असते. त्या निमित्ताने आमच्या भागात तरुणांसाठी एक सभा झाली. विषय होता ‘ख्रिस्ती जीवनातील आध्यात्मिक धैर्य’. वक्ते कळकळीने बोलले, मुलेही मन लावून ऐकत होती. पण तासाभरात धैर्य म्हणजे एवढेच उरले की, कॉलेजात किंवा मोबाइलवर कुणी आपल्या श्रद्धेविषयी काही बोलले तर त्याला सडेतोड उत्तर देऊन गप्प करायचे. मला हे पटले नाही, म्हणून हे पत्र.

सभेत बायबलमधल्या पेत्र आणि योहान या येशूच्या शिष्यांचा दाखला दिला गेला. यरुशलेममधल्या यहुदी न्यायसभेपुढे ही दोन अशिक्षित माणसे न डगमगता बोलली हे खरेच. पण त्यांना तिथे उभे कशामुळे केले होते? तिथल्या मंदिराच्या ‘सुंदर’ नावाच्या दरवाजाशी एक जन्मपांगळा भीक मागत बसे. वय चाळिशीच्या पुढे. रोज कुणीतरी त्याला उचलून आणून ठेवायचे. येणारे-जाणारे हजार असतील, पेत्र मात्र थांबला. त्याने त्याच्याकडे निरखून पाहिले, उजवा हात धरला आणि त्याला उठवले. भाषण त्यानंतरचे, अटक त्याच्याही नंतरची. दुसऱ्या दिवशी पेत्र अधिकाऱ्यांना सरळ विचारतो की, एका दुबळ्या माणसावर केलेल्या उपकाराबद्दल आमची चौकशी चालली आहे का? आणि हे येशूच्या नावाने झाले, हेही तो लपवत नाही. श्रद्धा झाकून ठेवण्याला सभ्यपणा म्हणणारेही आपल्यात आहेत, त्यांच्याशीही माझे जमत नाही.

धमक्या देऊन सोडल्यावर ही मंडळी प्रार्थनेला बसली. विरोधकांचा नाश कर, असे त्यांनी मागितले नाही. बोलायला धैर्य दे आणि रोग बरे करायला तुझा हात पुढे कर, या दोन्ही गोष्टी एकाच प्रार्थनेत मागितल्या. थोड्याच काळापूर्वी, येशूला अटक झाली तेव्हा, एका दासीच्या प्रश्नाला घाबरून ‘मी त्याला ओळखत नाही’ म्हणणारा पेत्र त्यांच्यात होता. असे धैर्य जन्मजात नसते, ते गुडघे टेकून मागावे लागते.

आता जुझे वाझ. बाणावलीत १६५१ साली जन्मलेला हा गोंयकार पाद्री १६८७ मध्ये वेष बदलून श्रीलंकेत उतरला. किनाऱ्यावर डचांचे राज्य होते, कॅथलिक पाद्र्यांना बंदी होती. पुढे कँडीच्या राजाने त्यांना हेर समजून कैद केले. १६९७ च्या सुमारास कँडीत देवीची साथ आली. माणसे आपल्याच आजाऱ्यांना टाकून पळत होती, तेव्हा वाझ आणि त्यांचे सोबती पाद्री रुग्णांना खाऊ घालत होते, त्यांच्या जखमा धूत होते, मेलेल्यांना पुरत होते. त्या काळात त्यांनी कुणाशी वाद जिंकला म्हणून नव्हे, या सेवेमुळे राजाचे मन त्यांच्याकडे वळले. १४ जानेवारी २०१५ रोजी पोप फ्रान्सिस यांनी कोलंबोत त्यांना संत घोषित केले.

मी निवृत्त परिचारिका. माहेर नगर जिल्ह्यातले, लग्नानंतर गोव्यात आले. १९८९ साली डॉमिनिक डिसोझा या तरुणाला एचआयव्ही आहे म्हणून पोलिसांनी नेऊन कोंडून ठेवले होते. त्यानंतरची काही वर्षे वॉर्डात काय भीती होती ते मी पाहिले आहे. कोपऱ्यातल्या एका खाटेवरच्या रुग्णाचे जेवण दाराशी ठेवून लोक निघून जात. रोजंदारीवरची एक आया मात्र खाटेवर बसून त्याला चमच्याने पेज भरवी आणि मग त्याचे तोंड आपल्या हाताने पुसे. गळ्यात साधा काळ्या दोऱ्यातला क्रूस. एका सकाळी मोठे डॉक्टर राऊंडला आले आणि ती खाट सोडून पुढे निघाले. ती म्हणाली, “दोतोर, हाची पट्टी काल बदलूंक ना.” सगळा वॉर्ड गप्प. कामावरून काढायला एक शब्द पुरला असता, हे तिला ठाऊक होते. डॉक्टर परत फिरले. तिने कधी कुणाला उपदेश केलेला मला आठवत नाही. रुग्णाने मात्र एकदा तिला विचारले की, तुला भीती कशी वाटत नाही? तेव्हा तिने येशूचे नाव घेतले.

सभेच्या आयोजकांना माझी विनंती आहे. आपल्या वाड्यावाड्यांत मुले परदेशी गेलेली, अंथरुणाला खिळलेली माणसे आहेत, कुठल्याही धर्माची. पुढच्या सभेऐवजी तरुणांना दोघा-दोघांनी त्यांच्या घरी पाठवावे. तिथे हेळसांड दिसली तर संबंधितांना तोंडावर सांगायचीही तयारी ठेवावी. जखम कशी धुवायची, पडून राहिलेल्याची कूस कशी बदलायची, हे शिकवायला मी संध्याकाळी यायला तयार आहे.

— एक निवृत्त परिचारिका, फोंडा