आधी एक ग्लास तळापर्यंत जाळा, मग विका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दिवाळी तोंडावर आली की बेळगाव, खानापूर, निपाणी भागात ‘दोन दिवसांत मेणबत्ती शिका, घरबसल्या कमवा’ असे फलक लागतात. वर्गात रंग, साचे, वरून लावायची सुकी फुले सगळे शिकवतात. ग्लासात ओतलेली मेणबत्ती तळापर्यंत जाळून मात्र कोणी दाखवत नाही. बचत गटाच्या भगिनी मग पन्नास-शंभर ग्लास भरतात आणि पहिली तक्रार गिऱ्हाइकाकडूनच येते.

ग्लासातल्या मेणबत्तीचा सगळा खेळ वातीचा आहे. देवघरातली फुलवात किंवा हाताने वळलेली वात इथे चालत नाही. ती सैल असते, सरळ उभी राहते, टोकाला काजळी धरते आणि धूर सोडते. विणलेली सुती वात जळताना टोकाला वाकते आणि ज्योतीच्या कडेला आपोआप झडत जाते. तिचा नंबर, म्हणजे जाडी, ग्लासाच्या आतल्या व्यासावरून ठरतो, उंचीवरून नाही.

पारख अशी करावी. सात सेंटिमीटर व्यासाचा ग्लास भरा, वात पाच-सहा मिलिमीटर ठेवून कापा, वारा नसलेल्या जागी पेटवा. तीन तासांत वितळलेले मेण काठापर्यंत पोचले पाहिजे आणि खोली साधारण एक सेंटिमीटर हवी. भोवती बोटभर जाड कडे तसेच राहिले तर वात बारीक आहे. ज्योत पुढे खड्ड्यात उतरते आणि निम्मे मेण वाया जाते. उलट टोकाला भूछत्रासारखी गाठ आली, काठ काळा झाला, ग्लास हातात धरवेना, तर वात जाड आहे. नंबर बदलून पुन्हा जाळा. एका वेळी एकच गोष्ट बदला. रंग किंवा सुगंध बदलला तरी ही पारख नव्याने करावी लागते, कारण त्यामुळे जळणे बदलते. मुलांचे मेणखडू तर रंगासाठी वापरूच नका, त्यातली भुकटी वातीत अडकते.

आता मापे. ग्लासात जिथपर्यंत भरायचे तिथपर्यंत पाणी ओतून वजन करा. पाणी 170 ग्रॅम भरले तर मेण सुमारे 150 ग्रॅम लागते, कारण मेण पाण्यापेक्षा हलके. (ग्लास नंतर नीट कोरडा पुसा, थेंबभर पाणी राहिले तरी वात तडतडते.) सुगंधी तेल मेणाच्या सहा टक्के, म्हणजे 150 ग्रॅमला 9 ग्रॅम, तेही काट्यावर मोजून, चमच्याने नाही. जास्त घातले तर ते वर घामासारखे सुटते. अंगावर मारायच्या सेंटमध्ये अल्कोहोल असते आणि केकच्या इसेन्समध्ये बहुधा पाणी. दोन्ही इथे निरुपयोगी.

मेण नेहमी पाण्याच्या पातेल्यात दुसरे भांडे ठेवून वितळवावे, थेट आचेवर कधीच नाही. पेट घेतला तर गॅस बंद करून झाकण घाला. पाणी ओतलेत तर ते तळाशी जाऊन क्षणात वाफ होते आणि पेटते मेण छतापर्यंत उडवते. सोया मेण (सोयाबीन तेलापासून केलेले) असेल तर 80 अंशांच्या आसपास सुगंध घालून दोन मिनिटे सावकाश ढवळा आणि 60 अंशांच्या आसपास ओता. डिसेंबरात आपल्याकडच्या गारठ्यात थंड काचेवर ओतले की मेण काचेपासून सुटते आणि ओलसर वाटणारे डाग दिसतात. ग्लास आधी कोमट करून घ्या. पॅराफिन, म्हणजे खनिज तेलापासूनचे नेहमीचे मेण, गार होताना आकसते, वातीशेजारी खळगा पडतो, म्हणून थोडे मेण राखून दुसऱ्यांदा ओतावे. सोयावर येणारी पांढरी बुरशीसारखी झाक हा मेणाचा स्वभाव आहे, बिघाड नाही. मात्र सोया मेणबत्ती एक-दोन आठवडे मुरू दिल्याशिवाय सुगंध नीट येत नाही, हे ऑर्डर घेताना लक्षात ठेवावे.

वात मेणानेच तळाला चिकटवण्याची पद्धत धोक्याची. शेवटचे मेण वितळले की वात सुटते, कलंडते, ज्योत काचेला भिडते आणि काच तडकते. उष्णता सोसणारे स्टिकर वापरा. टपरीवरचा पातळ चहाचा ग्लास स्वस्त पडतो, पण यासाठी नको. खानापूरच्या मातीची भांडी दिसायला सुंदर, पण लेप नसलेली माती मेण पिते, बाहेरून तेलकट होते. आतून ग्लेझ (काचेसारखा चकचकीत लेप) केलेलीच घ्या.

लेबलबाबतही वर्गांत मौन असते. पाकीटबंद मालावर बनवणाऱ्याचे नाव-पत्ता, निव्वळ वजन, बनवल्याचा महिना-वर्ष, सर्व करांसह किंमत आणि तक्रारीसाठी संपर्क लागतो. हा मजकूर हिंदी देवनागरीत किंवा इंग्रजीत हवा. मराठी-कन्नड जोडीला चालते, नुसती नाही. ‘एक सेंटिमीटर मेण उरले की विझवा’ ही सूचना मात्र मराठी आणि कन्नडमध्ये मोठ्या अक्षरांत छापा.

आणि एक सीमाभागातलीच गोची. कर्नाटकातल्या निपाणीहून महाराष्ट्रातले कागल हाकेच्या अंतरावर, पण तिथल्या दुकानाला माल दिला की ती परराज्यातली विक्री. राज्यातल्या राज्यात ठरावीक उलाढालीपर्यंत जीएसटी नोंदणी न करण्याची जी सवलत मिळते, ती तिथे सरसकट लागू होत नाही. हस्तकलेच्या वस्तूंना काही अटींवर सूट आहे, पण आपला माल त्यात बसतो का, हे कोल्हापूरची ऑर्डर घेण्याआधी कर सल्लागाराला विचारावे.

वर्ग चालवणाऱ्यांना एवढीच विनंती, की पहिल्या दिवशी सकाळी प्रत्येकीला एक ग्लास पेटवायला द्या आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्याचा तळ बघायला लावा.

आपल्या,
घरगुती मेणबत्ती व्यवसायातील काही जणी, बेळगाव