उन्हाळी लागली की नुसत्या धने-जिऱ्याच्या पाण्यावर राहू नका

मा. संपादक, स.न.वि.वि.

सोलापुरात पारा चाळिशीपार गेला की घरोघरी बायकांना उन्हाळी लागते, म्हणजे लघवीला जळजळ होते. मग शेजारच्या काकू सांगतात धने-जिरे भिजवून पी, सासूबाई गोखरूचा काढा देतात, कुणी लिंबूपाण्यात खायचा सोडा घालून देतं. धने-जिऱ्याला माझा काही विरोध नाही, त्या निमित्तानं पोटात पाणी तरी जातं. पण सहा महिन्यांत दोनदा किंवा वर्षात तीनदा हा त्रास झाला तर ते वारंवार होणारं लघवीचं इन्फेक्शन, बहुतेक वेळा ई. कोलाय जंतूंचं, आणि सोड्यानं जळजळ कमी वाटली तरी जंतू जागेवरच असतात. बीपीवाल्यांनी तर सोडा घेऊच नये, त्यात सोडियम असतं.

हल्ली मेडिकलमध्ये क्रॅनबेरी (एक आंबट फळ) न् डी-मॅनोजच्या (एक प्रकारची साखर) महागड्या पुड्या मिळतात. क्रॅनबेरीनं पुन्हा होणं काही प्रमाणात टळतं असं २०२३ च्या कॉक्रेन आढाव्यात (अनेक अभ्यास एकत्र तपासून काढलेला निष्कर्ष) आहे, पण झालेलं इन्फेक्शन त्यानं बरं होत नाही. डी-मॅनोज ब्रिटनमध्ये सुमारे ६०० बायकांना देऊन पाहिलं, २०२४ मध्ये निकाल आला, फायदा काही दिसला नाही. त्यापेक्षा ते पैसे युरिन कल्चरला, म्हणजे लघवीत कुठले जंतू आहेत ते शोधणाऱ्या तपासणीला घाला, तेही अँटिबायोटिकची गोळी सुरू करायच्या आधी. मागच्या वेळचीच गोळी आणून दोन दिवस खायची न् बरं वाटलं की सोडायची, यानंच जंतू औषधाला दाद देईनासे होतात. पाळी गेलेल्यांना आतून लावायचं इस्ट्रोजेन क्रीम चांगलं उपयोगी पडतं, पण लाजेपोटी विचारतंय कोण! थंडी-ताप, पाठीत दुखणं, लघवीतून रक्त किंवा दिवस गेलेले असतील तर काढा बाजूला ठेवून त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

आणि सगळ्यात स्वस्त औषध पाणी. दिवसाला दीड लिटरपेक्षा कमी पिणाऱ्या बायकांनी आणखी दीड लिटर वाढवलं तर इन्फेक्शन जवळपास निम्म्यावर आलं, हे २०१८ च्या अभ्यासात आहे. पण प्यायचं कसं? आमची नेहमीची भाजीवाली घरून निघताना चहासुद्धा अर्धाच पिते, दुपारपर्यंत बाटलीला हात लावत नाही, कारण जवळच्या बायकांच्या मुतारीला कुलूप आणि चावी कुणाकडे ते कुणालाच माहीत नाही. विड्या पोचवायला जाणाऱ्या, टॉवेलच्या कारखान्यात उभ्या असणाऱ्या बायकांचंही तेच. उन्हाळ्याच्या आत ही कुलपं काढा, नळाला पाणी सोडा आणि दाराला आतून कडी तेवढी बसवा.

एक वाचक भगिनी, सोलापूर