बाटलीच्या तळावरचा त्रिकोण आणि तोंडातली काळी बुरशी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

विषय : सायकलवरच्या पाण्याच्या बाटल्यांविषयीचे समज-गैरसमज

महोदय,

दर रविवारी पहाटे आम्ही दहा-बाराजण सिंहगड रस्त्याने खडकवासल्याच्या दिशेने सायकली काढतो आणि धरण मागे टाकून डोणज्याच्या अलीकडे एका टपरीवर चहाला थांबतो. तिथल्या गप्पांचा क्रम जवळजवळ ठरलेला असतो. कोणाचा मागचा गिअर चढावर उडी मारतो, टायरमध्ये हवा किती भरावी, शहरातल्या खड्ड्यांसाठी हायब्रीड बरी की रोडबाइक, मुलाला माउंटन बाइक घेऊन दिली पण ती सोसायटीच्या फाटकाबाहेर कधी गेलीच नाही, असे सगळे बोलून झाले की मंडळी उठतात. गेल्या महिन्यात मात्र गप्पा एका बाटलीवर अडकल्या त्या अर्धा तास हलल्याच नाहीत. त्या अर्ध्या तासात इतकी अर्धसत्ये ऐकली, की आपल्या वृत्तपत्राच्या वाचकांपुढे काही गोष्टी मांडाव्यात असे वाटले. माझी नोकरीची सव्वीस वर्षे भोसरीच्या औद्योगिक वसाहतीत, बाटल्या फुगवून तयार करण्याच्या म्हणजे ब्लो मोल्डिंगच्या खात्यात गेली, एवढाच माझा अधिकार.

निमित्त साधे होते. आमच्यात नव्याने आलेल्या एका तरुण अभियंत्याने दुकानातली एक लिटरची सीलबंद बाटली सायकलच्या केजमध्ये, म्हणजे दांड्यावरच्या बाटली अडकवायच्या सांगाड्यात, कोंबून आणली होती. ती पाहून आमच्यातल्या, शाळेत शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, "अरे, उन्हात तापलेल्या बाटलीतलं पाणी पिऊ नकोस, कॅन्सर होतो त्यानं." त्यावर दुसऱ्याने आपली नऊशे रुपयांची बाटली उलटी करून तळावरचा त्रिकोण दाखवला आणि "आपली चार नंबर आहे, एकदम सेफ," असे जाहीर केले. तिसऱ्याने तांब्याच्या बाटलीची बाजू घेतली. शेवटी सगळे माझ्याकडे वळले. "काका, तुम्ही तर प्लास्टिकमधलेच. खरं काय ते सांगा." चहा संपेपर्यंत मला जेमतेम त्रिकोणाबद्दलच बोलता आले.

हा त्रिकोण सुरक्षिततेचा दाखला नव्हे. अमेरिकेतील प्लास्टिक व्यावसायिकांच्या संघटनेने तो १९८८ मध्ये काढला तो भंगारात आलेल्या मालाची वर्गवारी सोपी व्हावी म्हणून. आतला आकडा फक्त दाणा, म्हणजे प्लास्टिकचा कच्चा माल, कोणता वापरला आहे ते सांगतो. १ म्हणजे पेट, विकतच्या पाण्याच्या पारदर्शक बाटल्या असतात ते. २ आणि ४ ही पॉलिएथिलीनची भावंडे, पैकी ४ मऊ. ५ म्हणजे पॉलिप्रॉपिलीन, ज्याची अनेक झाकणे असतात. ७ म्हणजे १ ते ६ यांत न बसणारे उरलेले सगळे. हाताने दाबून पिण्याची सायकलची बाटली बहुधा ४ क्रमांकाची, काही वेळा ५ ची असते. बोटांना किंचित मेणचट लागते ती त्यामुळेच.

आता बीपीएची, म्हणजे बिस्फेनॉल-एची गोष्ट. हे रसायन पॉलिकार्बोनेटमध्ये असते, म्हणजे काचेसारख्या टणक, पारदर्शक प्लास्टिकमध्ये, आणि त्याचा समावेश ७ या आकड्यात होतो. (७ लिहिलेली प्रत्येक बाटली पॉलिकार्बोनेटची असते असेही नाही.) पॉलिएथिलीन तयार करताना बीपीए लागतच नाही. म्हणून मऊ बाटलीवर ठळक अक्षरांत 'बीपीए-फ्री' छापणे हे मिठाच्या पुडीवर 'शुद्ध शाकाहारी' छापण्यासारखे आहे. विधान खोटे नाही, पण त्यासाठी शंभर रुपये जास्त मोजण्याचेही कारण नाही. मी कारखानदारांची वकिली करतो आहे असे कोणास वाटू नये म्हणून हेही सांगतो, की बीपीएची भीती निराधार नाही. युरोपीय संघाने २०११ मध्ये बाळांच्या दुधाच्या बाटल्यांत त्यास बंदी घातली, २०२३ मध्ये तेथील अन्नसुरक्षा यंत्रणेने त्याच्या रोजच्या सेवनाची सुरक्षित मर्यादा आधीच्या वीस हजाराव्या हिश्शापर्यंत खाली आणली आणि डिसेंबर २०२४ मध्ये अन्नाशी संपर्कात येणाऱ्या वस्तूंमधून ते काढून टाकण्याचा नियम संघाने संमत केला. तेव्हा जुनी, टणक, काचेसारखी बाटली कोणाच्या माळ्यावर पडलेली असेल, तर ती पाणी पिण्यासाठी खाली काढू नये.

बाईंचा उन्हाचा मुद्दा थोडा वेगळा आहे. पेट तयार करताना अँटिमनी या मूलद्रव्याचे संयुग वापरतात आणि उष्णतेने त्याचा अंश पाण्यात उतरतो, हे खरे. परंतु अ‍ॅरिझोनातील संशोधकांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात विकतच्या बाटल्या वेगवेगळ्या तापमानांना ठेवून पाहिल्या, तेव्हा अमेरिकेतील पिण्याच्या पाण्याची मर्यादा, म्हणजे लिटरमागे ६ मायक्रोग्रॅम, ओलांडली जाण्यास सलग ६० अंशांवर १७६ दिवस लागतील असे दिसले. ८५ अंशांवर मात्र तेच दीड दिवसाच्या आत झाले. सायकलवर दोन-तीन तास उन्हात राहिलेली बाटली या पहिल्या आकड्याच्याही पुष्कळ अलीकडे आहे. मोटारीच्या मागच्या काचेखाली उन्हाळाभर पडलेला बाटल्यांचा खोका किंवा 'जंतू मरावेत' म्हणून पेटच्या बाटलीत ओतलेले उकळते पाणी या गोष्टी वेगळ्या. उकळत्या पाण्याने ती बाटली डोळ्यांदेखत आक्रसते, हे अनेकांनी स्वयंपाकघरात अनुभवले असेलच.

विकतच्या बाटलीस माझा विरोध आहे तो कॅन्सरच्या भीतीने नव्हे. ती एकदाच वापरण्यासाठी केलेली असते, तिचे तोंड अरुंद असल्याने ब्रश आत जात नाही आणि पातळ भिंत दाबून दाबून चुरगळते. कोलंबिया विद्यापीठातील संशोधकांनी जानेवारी २०२४ मध्ये अशा पाण्यात लिटरमागे सरासरी २ लाख ४० हजार प्लास्टिककण मोजले आणि त्यांतील नव्वद टक्के अतिसूक्ष्म म्हणजे नॅनो आकाराचे होते. हे कण शरीरात नेमके काय करतात त्यावर काम चालू आहे. पण पैसे देऊन ते विकत घ्यावेत असे मला वाटत नाही.

मग आपली नऊशे रुपयांची बाटली निर्दोष काय? तसेही नाही. कोपनहेगन विद्यापीठातील रसायनशास्त्रज्ञांनी २०२२ मध्ये नेमक्या आपल्यासारख्या मऊ क्रीडा-बाटल्यांत नळाचे पाणी भरून चोवीस तास ठेवले, तेव्हा प्लास्टिकमधून आलेले चारशेहून अधिक पदार्थ त्यात सापडले आणि भांडी धुण्याच्या यंत्रातून काढलेल्या बाटल्यांत तर साबणातून आलेले साडेतीन हजारांहून अधिक. हे पाणी विषारी आहे असे त्यांनी म्हटलेले नाही; त्यातील बहुतेक पदार्थांचा परिणाम तपासलाच गेलेला नाही, हे त्यांचे म्हणणे आहे. भांडी धुण्याचे यंत्र आपल्यापैकी थोड्यांकडे असेल, परंतु 'चोवीस तास' या दोन शब्दांशी आपला संबंध जवळचा आहे. आम्ही बहुतेकजण शनिवारी रात्रीच बाटल्या भरून फ्रीजमध्ये ठेवतो आणि उरलेले पाणी सोमवारपर्यंत त्यातच राहते. पहाटे निघताना भरावी आणि घरी आल्याबरोबर रिकामी करावी, यास एक पैसाही पडत नाही.

आता ज्या गोष्टीसाठी लेखणी उचलली तिच्याकडे येतो. त्या रविवारी घरी आल्यावर मी माझी स्वतःची, तीन वर्षे रोज विसळली जाणारी बाटली ओट्यावर घेतली. झाकणावरची पिण्याची तोटी ओढून काढली आणि तिच्या आतली फुलीसारखी चीर असलेली सिलिकॉनची चकती दाभणाने उचकटली. चकतीच्या खालच्या खाचेत काळा, बुळबुळीत, नखाने खरवडला तर मलईसारखा निघणारा थर होता. झाकणाच्या आट्यांत तोच. करवतीच्या पात्याने बाटली उभी चिरली, तर आतल्या भिंतीवर तळापासून चार बोटे उंचीपर्यंत तपकिरी ठिपके होते, जे वरून डोकावून मला कधीच दिसले नव्हते. प्लास्टिकमध्ये सव्वीस वर्षे काढलेल्या माणसाची ही कथा; मी कोणाला नावे ठेवू?

याचे कारण आपले आवडते लिंबू-साखर-मीठ. घाम गाळणाऱ्यास ते हवेच, पण साखर ही बुरशीची मेजवानी आहे आणि पिताना तोंडातली लाळ तोटीतून मागे जाते. कोकम सरबताचा तर वास आणि रंग दोन्ही प्लास्टिक धरून ठेवते. म्हणून एका बाटलीत साधे पाणी आणि दुसरीत सरबत अशी विभागणी ठेवून सरबताची बाटली त्याच दिवशी कोमट पाणी, भांड्यांचा साबण आणि लांब ब्रशने घासावी. चकती काढून जुन्या दात घासण्याच्या ब्रशने खाच स्वच्छ करावी, साबण जाईपर्यंत विसळावे आणि झाकण न लावता बाटली उपडी वाळवावी. ओली बाटली झाकण लावून कपाटात ठेवणे म्हणजे बुरशीला भाडेकरू म्हणून आणून बसवणे. तांब्याच्या बाटलीच्या समर्थकांसाठी एक सूचना : तिच्यात साधे पाणी ठेवा, लिंबू किंवा कोकम मुळीच नको, कारण आम्लाने तांबे पाण्यात उतरते. स्टीलची बाटली आरोग्याला उत्तम, पण चालत्या सायकलवर ती दाबून पिता येत नाही आणि साध्या केजमध्ये घाटभर खडखडते.

पावसाळ्यात यात आणखी भर पडते. बाटली फ्रेमच्या खालच्या दांड्यावर असते आणि पुढच्या चाकाने उडवलेले पाणी थेट तिच्या तोंडावर येते. आमच्या रस्त्यावर पहाटे म्हशी आणि मेंढरे असतात, तेव्हा त्या पाण्यात काय असते ते सांगायला नको. कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया प्रांतात २००७ मध्ये एका चिखलातल्या माउंटन बाइक शर्यतीनंतर दोनशेहून अधिक स्पर्धकांना पोटाचा त्रास झाला आणि तपासात कॅम्पायलोबॅक्टर हा जंतू व पोटात गेलेला चिखल हे कारण निघाले. पुढच्या चाकाला मडगार्ड आणि तोटीला वरचे टोपण, एवढा उपाय पुरेसा आहे. पण वजन वाढते म्हणून मडगार्ड काढून टाकणारे आणि टोपण हरवलेले सायकलस्वारच मला अधिक भेटतात.

अपघाताचा मुद्दा आमच्या गप्पांत कोणी काढलाच नाही, म्हणून तो इथे काढतो. सायकलच्या बाटलीचा घेर केजला साजेसा, सुमारे ७४ मिलिमीटर व्यासाचा असतो आणि तिच्या अंगावर एक खाच असते, जिच्यात केजचा दात बसतो. विकतच्या बाटलीला ती खाच नसते. अर्ध्या लिटरची बाटली ढिली पडते आणि एक लिटरची जेमतेम कोंबली जाते. दोन वर्षांपूर्वी बोपदेव घाट उतरताना गतिरोधकावर अशीच एक बाटली उसळून बाहेर पडली आणि मागून येणाऱ्या आमच्या सोबत्याचे पुढचे चाक तिच्यावरून घसरले. त्याच्या खांद्याचे हाड जुळायला दोन महिने लागले. बाटली ज्याची होती तो अजूनही त्याच्याशी बोलताना मान खाली घालतो.

उत्पादकांकडे माझे मागणे एवढेच आहे, की बाटलीवर दाण्याचे नाव, अन्नासाठी योग्य असल्याचा उल्लेख आणि किती तापमानापर्यंत वापरावी ते मराठीत किंवा निदान वाचता येईल अशा अक्षरांत छापावे. तयार केल्याचा महिना तर अनेक बाटल्यांवर असतोच, फक्त तो कोणी वाचत नाही. तळाजवळ किंवा झाकणाच्या आत बोटाच्या नखाएवढे वर्तुळ असते, त्याभोवती १ ते १२ आकडे, मध्ये वर्ष आणि महिन्याकडे रोखलेला बाण. आम्ही कारखान्यात त्याला तारखेचे घड्याळ म्हणत असू. वाचकांनी आपली बाटली उलटी करून ते पाहावे. माझ्या बाटलीचे घड्याळ मी विकत घेतल्याच्याही दोन वर्षे मागचे निघाले.

महापालिका आणि जिल्हा परिषदेने सिंहगडाच्या वाटेवर, जिथे रविवारी सायकलस्वार आणि गड चढणारे शेकड्यांनी येतात, पिण्याच्या पाण्याचे चार नळ बसवले, तर विकतच्या बाटल्या निम्म्याने कमी होतील असा माझा अंदाज आहे. राज्याच्या २०१८ च्या प्लास्टिकबंदीच्या अधिसूचनेत रिकामी बाटली परत केल्यावर एक-दोन रुपये परत देण्याची तरतूद होती. आमच्या टपरीवर ते रुपये आजवर कोणी मागितले नाहीत आणि कोणी दिलेही नाहीत.

पुढच्या रविवारी मी चिरलेली बाटली पिशवीत घालून नेली आणि चहाच्या बाकावर ठेवली. बाईंनी ती न बोलता उलटसुलट पाहिली आणि आपल्या बाटलीची तोटी दातांनी ओढून काढायला सुरुवात केली. "बाई, दातांनी नको," अभियंता म्हणाला आणि त्याने खिशातली किल्ली पुढे केली. टपरीवाल्या मावशींनी आता नळ असलेली स्टीलची टाकी ठेवली आहे. बाटली भरून घेण्याचे पाच रुपये होतात.

आपला विश्वासू,
एक सायकलस्वार वाचक, पुणे